शून्य बाय शून्य

अलकापुरीत, चौथ्या मजल्यावर
रात्री साडेनऊला एसी बंद करतात.
मग स्टेशनातलं इंजिनांचं शंटिंग ऐकू येतं
आणि मी प्लगइन लिहीत बसते.

क्लास तयार कर, म्हणते. होतो.
नाव दे, 'मीटर'. देतो.
डावीकडच्या झाडात तो लगेच उगवतो,
'मार्ग'च्या आधी, वर्णानुक्रमाने... नाही, नंतर.
उजवीकडे कागद पांढराच.

तीन आठवडे मी समजत होते, माझंच काही चुकतंय.
मग कळलं, असणं ही एक आज्ञा आहे
आणि दिसणं ही वेगळी.
तिला चार आकडे द्यावे लागतात :
डावीकडून किती, वरून किती,
रुंदी, उंची.
हे सगळं एकाच व्यवहारात बसवायचं
आणि शेवटी कमिट करायचं,
नाहीतर रात्रभर केलेलं
सकाळी केलेलंच नसतं.

रेघेचे नखरे आणखी.
तिची दोन्ही टोकं आधी कागदावर हवीत.
आत मीटरने ग्राहकाचा हात कितीही घट्ट धरलेला असो,
ग्राहक काढला नसेल तर रेघ येत नाही.
लाल अक्षरांतली चूक येते,
तीही जर्मनमध्ये.

हेमांगला सांगितलं. तो म्हणाला,
विश्वामित्रीच्या पुलावर थांब कधीतरी.
माणसं कठड्याला पोट टेकून खाली बघत असतात,
पाणी गढूळ, मगर कुठे दिसत नाही.
एकजण वैतागून म्हणतो, नथी.
शेव-उसळवाला कांदा चिरता चिरता म्हणतो,
छे.

त्याच्या भाषेत छे म्हणजे आहे.
दांडिया बाजारात, आमच्या घरी, छे म्हणजे मुळीच नाही.
मी दोन्हींत वाढले.
शाळेत एकदा बाईंनी हजेरीला विचारलं होतं, शलाका छे?
आणि मी नुसतीच बघत राहिले होते.

एप्रिलात सबनीस साहेबांना
ऑफिसचाच आराखडा हवा होता,
कोण कुणाच्या हाताखाली.
पुण्याहून पाहुणे यायचे होते.
यादी वाचून चौकोन काढणारा लूप मीच लिहिला,
एकेचाळीस चौकोन, एका उंचीचे,
एकही दुसऱ्याला चिकटलेला नाही.
मध्ये एक अट, त्यांनी सांगितलेली :
कंत्राटी असेल तर काढू नकोस, उगाच गर्दी होते.
ती टाइप करताना मी पापडी खात होते,
कीबोर्डवर चुरा सांडू नये
एवढीच काळजी होती मला.

प्रिंट भिंतीवर लागला.
मी स्वतःला शोधलं. मग खुर्चीवर येऊन झाड उघडलं.
'मुलाणी'च्या खाली, 'मेहता'च्या वर,
'मुळीक शलाका'.
आहे.
सात नाती निघतात माझ्यापासून,
चाचणी, बिलिंग, रात्रीचं बॅकअप, मुलाणींचं ते
कुणालाच न समजणारं गॅसचं गणित,
सातही शाबूत.
टोकच नाही, तर रेघ कुठून यावी.

अट उडव, हेमांग म्हणाला, कोण बघतंय.
मी नाही उडवली.
तिच्याखाली एक ओळ घातली फक्त :
माझी आकृती तयार कर,
डावीकडून सहाशे चाळीस, वरून तीनशे,
रुंदी शून्य, उंची शून्य.
टूल काही बोललं नाही. जर्मनमध्येसुद्धा नाही.
कमिट.

सोमवारी नवा प्रिंट लागला.
साहेब चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ उभे.
बोट कागदाच्या मधोमध, कोऱ्या जागेवर.
या सात रेघा इथे येऊन थांबतात कशाला?
काही आहे का इथे?

छे, मी म्हणाले.

त्यांनी ते मराठीत ऐकलं.